बंद बाटलीचा नाद

हॉटेलात वाइन मागवली की वेटर बाटली दाखवतो, बूच काढतो आणि ते टेबलावर आपल्यापुढे ठेवतो. वाइनचा दर्दी माणूस ते उचलतो, नाकाशी नेतो आणि गंभीरपणे मान हलवतो. बुचाला येतो तो बुचाचा वास, ओलसर सालीचा. आतली वाइन बरी आहे की बिघडलेली, हे त्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. उत्तम वाइनचं बूच कुबट वास मारू शकतं आणि बिघडलेल्या वाइनचं बूच अगदी निर्मळ निघू शकतं. बूच पुढे ठेवतात ते बघण्यासाठी: त्यावर छापलेलं नाव आणि साल लेबलाशी जुळतंय ना, कडेने वाइन पार वरपर्यंत झिरपलेली नाही ना. आता गंमत अशी की हे सगळं त्या दर्द्याला पाठ असतं. तरी तो हुंगतो. कळतं, पण वळत नाही.

या नादातला वेडेपणा अडाण्यांचा नाही, जाणकारांचा आहे. त्याचं मूळ मला बाटलीतच दिसतं. कापड बोटांत चुरगळून पाहता येतं, पुस्तक दुकानात उभ्याउभ्या चाळता येतं, तबला वाजवून घेता येतो. वाइन उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडली की तिचे दिवस भरले. बाहेरून हाती लागतं ते लेबल, साल आणि मानेतली पातळी. एवढ्यावर माणूस काही वर्षं एखादी बाटली सांभाळतो. मग त्या न कळण्याच्या जागेत एकेक विधी येऊन बसतो. काही विधी खरोखर कामाचे असतात, काही निव्वळ मनाचे खेळ, आणि दर्दी दोन्ही सारख्याच श्रद्धेने पार पाडतो.

बुचापासूनच सुरुवात करू. वाइन ‘कॉर्क्ड’ आहे म्हणजे तिच्यात बुचाचे तुकडे तरंगतायत असं नव्हे. बुचातल्या 2,4,6-ट्रायक्लोरोॲनिसोल, थोडक्यात टीसीए, या संयुगामुळे वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास लागतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तब्येतीला अपाय काही नाही. पण खरा त्रास वास स्पष्ट येतो तेव्हा होत नाही, तेव्हा बाटली सरळ परत करता येते. टीसीए अगदी थोडं असलं तर पुठ्ठा जाणवत नाही, फक्त फळाचा गंध मावळतो. वाइन मुकी होते. पिणारा म्हणतो, ‘काही खास नाही’, आणि त्या उत्पादकाचं नाव कायमचं मनातून उतरतं.

ओळखायची रीत साधी आहे. ग्लासात दोन बोटं वाइन घ्यायची, एकदाच नीट हुंगायची आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवायची. सतत हुंगत राहिलं की नाक सरावतं आणि काहीच कळेनासं होतं. परत हुंगल्यावर कुबटपणा तसाच असेल किंवा वाढला असेल, तर वाइन कॉर्क्ड. उलट सुरुवातीला सडक्या अंड्याचा, विझलेल्या काडीचा वास होता आणि तो विरत चालला असेल, तर बूच निर्दोष आहे. तो गंधकाच्या संयुगांचा वास, वाइन हवेवाचून कोंडली गेल्याचा. यावर एक उपाय आहे जो ऐकायला शुद्ध जादूटोणा वाटतो: तांब्याचं स्वच्छ नाणं ग्लासात टाकून ढवळायचं. तांबं हायड्रोजन सल्फाइड आणि मर्कॅप्टन या गंधकाच्या संयुगांना बांधून घेतं, वास अर्ध्या मिनिटात उतरतो. नाणं काढून मग प्यायचं. हा उपाय रसायनशास्त्राच्या कसोटीवर उतरतो, पण चारचौघांत करायला दर्दी लाजतो. बूच हुंगायला मात्र लाज वाटत नाही.

बुचावर एवढा राग, तर मग फिरकीचं झाकण का नको? 2000 साली ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतल्या रीसलिंग ही पांढरी वाइन करणाऱ्यांनी एकत्र येऊन बूच सोडलं आणि फिरकीचं झाकण घेतलं, ते बिघडणाऱ्या बाटल्यांना कंटाळूनच. त्या वाइन वर्षानुवर्षं उत्तम टिकल्या. दर्दी हे मान्य करतो, दुसऱ्यांना समजावूनही सांगतो, आणि भेट द्यायची वेळ आली की बूचवाली बाटली निवडतो. बूच निघतानाचा तो आवाज हवा असतो. बरं, फिरकीच्या झाकणाची बाटली घरी आणली तरी तो ती आडवीच ठेवतो. आडवं ठेवतात ते बूच वाळून आकसू नये म्हणून. धातूच्या झाकणाला वाळायचं कशाचं!

आता डिकँटरकडे, म्हणजे बाटलीतली वाइन ओतून घ्यायच्या काचेच्या भांड्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. पहिली समजूत: जेवणाआधी तासभर बूच काढून ठेवलं की वाइन ‘श्वास घेते’. बाटलीच्या मानेचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणजे हवेला भिडणारा पृष्ठभाग जेमतेम 2.7 चौरस सेंटीमीटर, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. खाली पाऊण लिटर वाइन. एवढ्याशा खिडकीतून तासाभरात काय श्वास घेणार? तीच वाइन 20 सेंटीमीटर रुंद बुडाच्या डिकँटरमध्ये ओतली तर पृष्ठभाग शंभर पटींहून जास्त होतो, आणि ओतताना धारेत जी हवा मिसळते ती वेगळीच. म्हणून हवा द्यायचीच असेल तर ओतायला हवी. नुसतं बूच काढून ठेवणं म्हणजे आपण काहीतरी केलं याचं समाधान.

पण ओतायची कोणती? डिकँट करण्याची कारणं दोन, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तरुण, कडक, तुरट लाल वाइनला हवा हवी असते. ती बिनधास्त उंचावरून ओता, खळबळू द्या, तास-दोन तास ठेवा. वीस-तीस वर्षांच्या वाइनला मात्र हवा ही वैरीण. ती ओततात ती फक्त गाळ वेगळा करायला. दर्दी मात्र दोन्ही वाइन त्याच देखण्या, बदकाच्या मानेच्या डिकँटरमध्ये त्याच संथ लयीत ओततो आणि जुनीलाही तासभर ‘खुलू’ देतो. तासाभरात ती खुलून, फुलून, कोमेजलेली असते.

जुन्या बाटलीची रीत अशी. आदल्या दिवशी, जमल्यास दोन दिवस आधी, ती उभी करून ठेवायची, म्हणजे कुशीवर बसलेला गाळ बुडाशी जातो. उघडताना हलवायची नाही. मानेवरचं वेष्टण पूर्ण काढायचं, नाहीतर आतलं दिसणार नाही. जुनं बूच मऊ झालेलं असतं. स्क्रूने ते मधोमध कुरतडलं जातं आणि चुरा खाली पडतो. त्यापेक्षा दोन पात्यांचा चिमटा घ्यावा: लांब पातं आधी, मग आखूड, बूच आणि काच यांच्या फटीत डोलवत डोलवत उतरवायचं आणि पिळत वर ओढायचं. घाईने खाली रेटलं तर बूच सरळ वाइनमध्ये पडतं, आणि हे नवशिक्यांपेक्षा सरावलेल्यांच्या हातून जास्त होतं, कारण ते बोलत बोलत उघडतात. मग मानेच्या खाली विजेरी किंवा मेणबत्ती धरून एका सलग धारेत ओतायचं. मध्ये थांबलं की वाइन मागे उसळते आणि गाळ ढवळून सगळीकडे पसरतो. मानेजवळच्या खांद्यात पहिली काळी रेघ दिसली की हात थांबला पाहिजे. तळाशी अर्धा-पाऊण पेला वाइन राहते. ती फेकायला जीव होत नाही म्हणून ‘एवढीशी अजून’ करत जो शेवटचा थेंब ओततो, तो दोन दिवसांची तपश्चर्या एका क्षणात गढूळ करतो.

ग्लासांचं वेड याहून खर्चिक. 1973 साली रीडेल या ऑस्ट्रियन काचकारखान्याने वेगवेगळ्या वाइनसाठी वेगवेगळ्या आकारांच्या ग्लासांची मालिका काढली, तेव्हापासून द्राक्षागणिक ग्लास हा विचार रुजला. ग्लासाचा आकार वाइन जिभेच्या ‘योग्य’ भागावर टाकतो असं सांगितलं जायचं: गोड टोकाला, आंबट कडांना. जिभेचा तो नकाशाच चुकीचा आहे. 1901 च्या एका जर्मन प्रबंधाच्या चुकीच्या वाचनातून तो पसरला. चवी जिभेवर सगळीकडे कळतात. आकाराने फरक पडतो तो गंधाला. पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता असा कुठलाही पातळ काचेचा ग्लास नव्वद टक्के काम करतो. परीक्षकांसाठी 1977 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ठरवलेला ग्लास तर हातात लपेल एवढा छोटा असतो, त्यात फक्त 50 मिलिलिटर वाइन घ्यायची. दर्द्याच्या कपाटात फ्रान्सच्या बरगंडी वाइनसाठीचे फुग्यासारखे मोठे ग्लास असतात, आणि ते फुटतील म्हणून तो रोज साध्या ग्लासात पितो.

ते फुटतात मात्र पिताना नाही, पुसताना. एका हाताने बैठक धरायची, दुसऱ्या हाताने फडकं आत घालून पेला फिरवायचा, की मधली दांडी पिळवटून कट् करून तुटते. पुसताना पेला ज्या हातात त्याच हाताने आधार. बैठकीला दुसरा हात लावायचाच नाही. साबण जवळजवळ नको, गरम पाणी पुरतं. आणि कपाटात उपडे ठेवले तर फळीच्या लाकडाचा कोंदट वास पेल्यात साठतो. मग पाहुण्यांपुढे बिचाऱ्या वाइनला कॉर्क्ड ठरवलं जातं. म्हणून ओतण्याआधी रिकामा ग्लास एकदा हुंगावा. बूच हुंगण्यापेक्षा हे हजार पटींनी उपयोगाचं, पण करतं कोण.

ग्लास फिरवला की कडेने ओघळ उतरतात. त्यांना ‘अश्रू’ म्हणतात आणि ते पाहून वाइनचा दर्जा सांगणारे आजही भेटतात. पातळ थरातून अल्कोहोल आधी उडतं, उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण वाढतो, तो खालची वाइन वर खेचतो, ती जड झाली की ओघळते. जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञाने हे 1855 मध्येच लिहून ठेवलं. ग्लासावर तळहात झाकून धरा, वाफ अडते आणि अश्रू थांबतात. दर्जाचा संबंध नाही. फार तर अल्कोहोल किती याचा अंदाज. योगायोग असा की त्याच 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या वाइनची प्रतवारी ठरली. त्या यादीत वरच्या पायऱ्यांवर मोठा बदल झाला तो एकदाच, 1973 मध्ये, शातो मुतों-रॉथशिल्ड हे वाइन-घराणं दुसऱ्या श्रेणीतून पहिल्यात गेलं तेव्हा. थॉमसनचं म्हणणं विसरलं गेलं, प्रतवारी लोकांना अजून पाठ आहे.

प्रयोगांचा विषय निघाला की दर्दी खुलतो. 2001 चा बोर्दोचा प्रयोग त्याला तोंडपाठ असतो: 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिच्या वर्णनात लाल वाइनचे शब्द वापरले. (यावरून ‘तज्ज्ञांना लाल-पांढरं कळत नाही’ असं जे सांगतात ते अती करतात. ते विद्यार्थी होते, आणि प्रयोग गंधाच्या शब्दांबद्दल होता. डोळा नाकाला काय सुचवतो, एवढंच त्यातून दिसतं, आणि तेवढंही पुष्कळ आहे.) 2008 चा दुसरा: तीच वाइन 10 डॉलरची म्हणून आणि 90 डॉलरची म्हणून दिली, तर महाग म्हटल्यावर ती जास्त आवडली, आणि मेंदूतला सुखाशी जोडलेला भागही जास्त उजळला. म्हणजे माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना ती खरंच जास्त आवडत होती. त्याच वर्षी रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य वाइन-स्पर्धेचे आकडे छापले. तीस वाइनच्या रांगेत एकाच बाटलीतली वाइन तीनदा ठेवली होती. तिन्ही वेळा तिला एकाच पदकाच्या पातळीत ठेवू शकले ते परीक्षक दहातला एखादा.

हे सगळं सांगून झाल्यावर दर्दी फोनवर त्या वाइनला किती गुण आहेत ते बघतो. शंभरपैकी. आणि 89 दिसले तर बाटली खाली ठेवतो.

हॉजसन यांची युक्ती घरी करण्यासारखी आहे, पण मन घट्ट हवं. पाच वेगळ्या वाइन घ्या. मानेवरची वेष्टणं काढून टाका, कारण नुसत्या रंगावरूनही ओळख पटते. दुसऱ्या कुणाला त्या कागदी पिशव्यांत घालून सहा क्रमांक द्यायला सांगा, आणि एक वाइन गुपचूप दोन क्रमांकांवर ओतायला सांगा. सगळे ग्लास एकसारखे, प्रत्येकात 50 मिलिलिटर, तापमान एकच. आधी प्रत्येकाने गप्प बसून लिहायचं, मग बोलायचं. पहिला माणूस ‘चेरी’ म्हणाला की सगळ्यांना चेरी येऊ लागतात. शेवटी कागद उलटले की कुणाच्या तरी वहीत एकाच वाइनला एका ओळीत ‘भारदस्त’ आणि दुसऱ्या ओळीत ‘पाणचट’ म्हटलेलं असतं. हा खेळ दुसऱ्यांदा खेळायला फारसे लोक येत नाहीत.

मात्र सगळाच गोंधळ मनाचा नसतो. काही नाकाचा असतो. शिराझ या लाल वाइनमध्ये मिरीचा वास येतो तो रोटंडोन या संयुगाचा, हे 2008 मध्ये ऑस्ट्रेलियात उलगडलं. काळ्या मिरीतही तेच असतं. आणि साधारण पाचातल्या एका माणसाला ते अजिबात जाणवत नाही, पुष्कळ असलं तरी. एकाच बाटलीवर दोन जाणकार हमरीतुमरीवर येतात, ‘मिरीने भरलेली आहे’ आणि ‘मिरी कुठे आहे यात?’, तेव्हा दोघेही प्रामाणिक असू शकतात.

ब्रेट्टानोमायसिसच्या बाबतीत मात्र प्रामाणिकपणाची शंका येते. ही यीस्टची जात वाइनमध्ये वाढली की तबेल्याचा, घामट चामड्याचा, दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा वास येतो. नव्या, अनोळखी उत्पादकाच्या बाटलीत तो आला की दर्दी म्हणतो, ‘पिंपं धूत नाहीत वाटतं.’ नामांकित जुन्या घराण्याच्या बाटलीत तोच आला की म्हणतो, ‘मातीचा गुण आहे.’ रेणू तोच, 4-इथाइलफेनॉल. लेबल वेगळं.

पंचांगही आहे! जैवगतिक शेतीवाल्यांच्या चांद्रपंचांगात फळाचे दिवस, मुळाचे दिवस असतात. फळाच्या दिवशी वाइन चांगली लागते, मुळाच्या दिवशी गप्प बसते म्हणतात. 2017 मध्ये न्यूझीलंडमध्ये 19 अनुभवी व्यावसायिकांना पिनो न्वार या द्राक्षाच्या 12 लाल वाइन दोन्ही प्रकारच्या दिवशी, कोणती ते न सांगता चाखायला दिल्या. फरक पडला नाही. वाइन टिकावी म्हणून घालतात त्या सल्फाइटचंही तसंच: ‘लाल वाइनने डोकं दुखतं, सल्फाइट हो’ असं म्हणणारा सुकवलेले जर्दाळू मजेत खातो, ज्यांत ते कितीतरी जास्त असतं, आणि पांढऱ्या वाइनमध्येही बहुधा लालपेक्षा जास्तच असतं. बुडबुडे टिकावेत म्हणून शॅम्पेनच्या बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा लटकवण्याबद्दल तर बोलायलाच नको. बुडबुडे टिकतात ते थंडीमुळे.

साठवण हे या नादाचं खरं तीर्थ. 12 ते 14 अंश, अंधार, हादरे नकोत. यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय विचाराल, तर उन्हाळ्यात तापू न देणं. बाकीचं थोडं इकडेतिकडे चालतं. अंधाराची गोष्ट पारदर्शक बाटल्यांना जास्त लागू: प्रकाशाने वाइनमधलं रायबोफ्लेविन (ब-2 जीवनसत्त्व) चेततं, गंधकाची संयुगं बनतात आणि काही तासांत उकडलेल्या कोबीचा वास लागू शकतो. दर्दी हजार काळज्या घेऊन बाटली अंधारात वाढवतो आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ‘दिसायला छान’ म्हणून ती दिव्याखाली मांडतो.

आणि मग ती उघडत नाही. नेहमी काहीतरी कमी असतं: माणसं योग्य नसतात, जेवण जमलेलं नसतं, प्रसंग तेवढा मोठा नसतो. हा रोग इतका सार्वत्रिक की डोरोथी गेटर आणि जॉन ब्रेखर या अमेरिकन पत्रकार जोडप्याने फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार ‘ती बाटली उघडा’ म्हणून ठरवून दिला. प्यायला निमित्त लागत नाही, पण आपल्याच मालकीची बाटली उघडायला तारीख लागते.

न उघडण्याच्या या वेडावर एक माणूस गब्बर झाला होता. रुडी कुर्नियावान जुन्या बरगंडीच्या नकली बाटल्या बनवून लिलावात विकायचा. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात बरगंडीतल्या दोमेन पोन्सो या घराण्याच्या, क्लो सॅं-दनी मळ्यातल्या वाइनच्या 1945 पासूनच्या बाटल्या आल्या. ती वाइन पोन्सो घराण्याने 1982 आधी बनवलीच नव्हती, आणि हे सांगायला लोरां पोन्सो स्वतः तिथे हजर झाला. बाटल्या मागे घेतल्या गेल्या. कुर्नियावानला 2014 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. बनाव लेबलावरच्या सालामुळे उघडा पडला, चवीमुळे नव्हे. त्याच्या किती बाटल्या अजून कुणाकुणाच्या तळघरांत, योग्य तापमानात, योग्य प्रसंगाची वाट बघत पडून असतील!

पेटी घेणाऱ्याचं दुखणं वेगळं. बारा बाटल्या घ्याव्यात त्या वाइन बदलत जाते ते बघायला: वर्षाला एक, वहीत नोंद. प्रत्यक्षात उत्सुकतेपायी पहिल्या पाच-सहा तुरट असतानाच संपतात, मग चार-पाच ऐन भरात लागतात, आणि शेवटच्या दोनांवर इतका जीव जडतो की त्या उतरणीला लागेपर्यंत ठेवल्या जातात.

यावर थोडा उतारा आहे, आणि तो फुकट आहे. बाटली उघडल्याबरोबर, पहिला ग्लास भरण्याआधीच, अर्धी वाइन 375 मिलिलिटरच्या स्वच्छ रिकाम्या बाटलीत काठोकाठ ओतायची, झाकण घट्ट लावायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायची. काठोकाठ हे महत्त्वाचं. वर हवा राहिली तर उपयोग नाही. रात्री उरलेली ओतून ठेवणंही व्यर्थ, तोवर तिने पुरेशी हवा खाल्लेली असते. आधीच काढलेली अर्धी बाटली तीन-चार दिवस सहज टिकते, आणि तरुण, तुरट वाइन असेल तर बऱ्याचदा होतं असं की तिसऱ्या दिवशीचा घोट पहिल्या रात्रीपेक्षा सरस लागतो. गोलसर, शांत, फळ वर आलेलं. ओतताना मिळालेल्या थोड्याशा हवेने तिचं काम फ्रिजमध्ये केलेलं असतं.

दर्दी तो घोट घेतो, थोडा वेळ गप्प बसतो आणि वही काढतो. तारीख घालून लिहितो: ‘फार लवकर उघडली. अजून दोन वर्षं हात लावायचा नाही.’ त्याच पानावर वर, तीन महिन्यांपूर्वीची तारीख घालून, त्याच अक्षरात, त्याच पेटीतल्या आधीच्या बाटलीबद्दल हेच वाक्य लिहिलेलं असतं.